घरपट्टी थकलीय? आधी शास्ती थांबवा!

भरदुपारी गल्लीत बँड वाजू लागला, की कुणाकडे लग्न आहे म्हणून शेजारीपाजारी खिडकीशी धावतात. पण नवरदेवाचा पत्ता नसतो. वाजंत्री उभे असतात घरपट्टी थकवणाऱ्याच्या दारात! पुणे महापालिकेने वसुलीसाठी ही शक्कल खरोखरच लढवली आहे.

पट्टी थकते ती दर वेळी नियत खोटी म्हणून नव्हे. घरातला कर्ता माणूस जातो, भावाभावांत वाटणी अडते आणि बिल वडिलांच्या नावाने जुन्याच पत्त्यावर जात राहते. मग एक दिवस थेट जप्तीची नोटीस येते.

अशा वेळी कंबरडे मोडते ते शास्तीने. राज्यातल्या महापालिका थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती लावतात. २० हजार रुपये थकले तर महिन्याला ४००, म्हणजे वर्षाला ४,८०० रुपये वाढतात. चार वर्षे दोन महिन्यांत शास्तीच २० हजारांची होते! बँकेची मुदत ठेव इतके व्याज देत नाही. तेव्हा ठेव मोडून पट्टी भरणेही फायद्याचेच.

बिल तपासून घ्या

कर कार्यालयातून वर्षवार हिशेब मागून घ्यावा. मूळ कर किती, शास्ती किती, हे वेगवेगळे पाहावे आणि जुन्या पावत्यांशी ताडावे. घराचे क्षेत्रफळ बरोबर आहे ना? राहत्या घराची आकारणी दुकान म्हणून तर झाली नाही? चूक आढळल्यास लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. कोर्टात दाद मागायची तर वादातली रक्कम आधी भरावी लागते, हेही लक्षात असू द्या.

सवलती मागितल्याशिवाय मिळत नाहीत. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर करपात्र रकमेत ४० टक्के सूट आहे. मध्यंतरी बंद झालेली ही सूट २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यासाठी पीटी-३ अर्ज पुराव्यानिशी भरावा लागतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना २०२२ पासून करमाफी आहे. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठीही २०२० मध्ये राज्यात करमाफीची योजना जाहीर झाली.

अभय योजनेची वाट पाहावी का?

महापालिका अधूनमधून अभय योजना आणतात. त्यात शास्तीचा मोठा भाग माफ होतो, मूळ कर मात्र भरावाच लागतो. योजना चालू असेल तर संधी सोडू नये. थकबाकीची प्रकरणे लोकअदालतीतही ठेवली जातात, तिथे तडजोडीचा प्रयत्न करता येतो. पण पुढच्या योजनेच्या भरवशावर बसणे महागात पडते. ती कधी येईल, कुणी सांगावे? शास्ती मात्र दर महिन्याला न चुकता येते.

जुना फ्लॅट घेणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे. थकबाकीचा बोजा त्या मिळकतीवरच असतो, म्हणून ती वसुली नव्या मालकाच्या दारात येऊ शकते. बयाणा देण्यापूर्वी घरपट्टीची शेवटची पावती पाहावी. आणि वारसाने आलेले घर असेल, तर कर खात्यात आधी आपले नाव लावून घ्यावे, म्हणजे पुढचे बिल योग्य माणसाच्या हाती पडेल.