मालवणात जुनी छायाचित्रं मांडताना
मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिचा संस्थापक सदस्य विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. त्यांतली अनेक चित्रं जोडलेली आहेत: माणसं एका निगेटिव्हमधली, मागचा देखावा दुसऱ्या निगेटिव्हमधला. मालवणात अशा चित्रांचं प्रदर्शन भरवायचं, तर चित्राखाली हे लिहायलाच हवं. नाहीतर रचलेला प्रसंग रोजचं जगणं म्हणून खपेल. शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांनी टिपलेली माणसंही हवीत. अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेले त्या काळचे कागद दमट हवेत पिवळे पडतात. म्हणून भिंतीवर उत्तम प्रती लावाव्यात. मूळ चित्र ठेवलंच, तर बंद पेटीत, ५० लक्सहून कमी उजेडात.