पंडिता रमाबाईंची धर्ममीमांसा : अधिकाराचा प्रश्न

पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२) विचार बहुधा समाजसुधारक म्हणून केला जातो. शारदा सदन व केडगावचे मुक्ति मिशन यांपुढे त्यांच्या धर्मचिंतनाकडे फारसे कोणी वळत नाही. वस्तुतः त्यांच्या चरित्रातील प्रमुख वळणांच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो : धर्मवचनाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा?

हा प्रश्न त्यांच्या जन्मापूर्वीच घरात शिरला होता. पत्नीस संस्कृत शिकविल्यामुळे अनंतशास्त्री डोंगरे यांना शास्त्रीमंडळींचा रोष पत्करावा लागला. त्या मातेकडूनच रमाबाई संस्कृत शिकल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. तथापि अन्य बाबतींत परस्परविरोधी असणारी शास्त्रे स्त्री-शूद्रांच्या अनधिकाराविषयी मात्र एकमताची आहेत, असे त्यांना आढळले. (मराठवाड्यातील वाचकास येथे चक्रधरांना प्रश्न विचारणारी महदाइसा आठवेल. तिला उत्तर देणारा गुरू लाभला होता. रमाबाईंना तो शोधावा लागला.)

योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्या मनास भिडली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराने प्रश्न मिटला, असे समजणे मात्र चूक ठरेल. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा स्वदेशी आपण पुरुषांपुढे व्याख्याने दिली आहेत, याचे त्यांनी स्मरण दिले. सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात तर त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयीही त्यांनी शंका उपस्थित केल्या. ब्राह्मणांचे जोखड झुगारून पाद्र्यांचे पत्करण्यास त्या तयार नव्हत्या. ख्रिस्त स्वीकारला, चर्चची आज्ञा नव्हे, ही त्यांची भूमिका आजही पुरेशा गांभीर्याने अभ्यासली गेलेली नाही.

१९०५ च्या मुक्तीमधील धर्मजागृतीनंतर त्यांचे बंडखोरपण मावळले, असे मत काही अभ्यासक मांडतात. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. त्यानंतरच्या काळातच हिब्रू व ग्रीक भाषांच्या आधारे संपूर्ण बायबल सामान्य स्त्रियांना समजेल अशा साध्या मराठीत आणण्याचे कार्य त्यांनी तडीस नेले. आजवर अर्थ सांगणारा पुरुष असे. आता मूळ ग्रंथापाशी एक स्त्री स्वतः पोहोचली होती आणि मुद्रणाचे काम मुक्ति मिशनमधील स्त्रियाच करीत होत्या. या भाषांतरास व्यापक प्रचार लाभला नाही, हे खरे. संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला १९२४ साली. ५ एप्रिल १९२२ रोजीच रमाबाईंचे निधन झाले होते.