डीपीतलं तेल काय काय सांगतं!

डीपी जळाली की गावातली पिठाची गिरणी थांबते, विहिरीवरची मोटर थांबते, परीक्षेच्या दिवसांत मुलांचा अभ्यासही अडतो. डीपी म्हणा, रोहित्र म्हणा की ट्रान्सफॉर्मर म्हणा, त्याच्या टाकीत वेटोळ्यांभोवती तेल भरलेलं असतं. ते आतली उष्णता बाहेर नेतं आणि विजेला भलत्या वाटेनं जाऊ देत नाही. त्याचं तिसरं काम मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं: आत काही बिघडू लागलं की त्याची पहिली खबर तेलातूनच मिळते. ही खबर वाचायची कशी, त्याच्या या सुरस गोष्टी.

दिवे, धबधबा आणि तेल

१८९१ साली जर्मनीत फ्रँकफर्टला विजेचं भव्य प्रदर्शन भरलं. वीज आणायची होती १७५ किलोमीटर दूर, नेकार नदीकाठच्या लाउफेनहून. एवढ्या लांब वीज न्यायची तर दाब हजारो व्होल्टचा हवा. तो रोहित्राच्या आत पेलायचा कशानं? स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीतले अभियंते चार्ल्स ब्राउन यांनी तेल निवडलं. तेलात बुडवलेली रोहित्रं १५ हजार व्होल्टवर चालली, पुढे चाचण्यांत दाब २५ हजारांपर्यंत नेला गेला. प्रदर्शनात दिवे झगमगले आणि विजेच्या पंपावर कृत्रिम धबधबा कोसळू लागला.

अडीच मिलिमीटरचा सामना

तेलाची सगळ्यांत गाजलेली परीक्षा म्हणजे बीडीव्ही. भांड्यात तेल, तेलात समोरासमोर दोन इलेक्ट्रोड, मधे अंतर फक्त अडीच मिलिमीटर. दाब दर सेकंदाला दोन किलोव्होल्टनं चढवत न्यायचा. एका क्षणी ठिणगी पडते, तो आकडा टिपायचा. दोन मिनिटं थांबून पुन्हा तेच. अशा सहा फेऱ्या आणि मग सरासरी. एवढ्याशा अंतरात साधी हवा सात-आठ किलोव्होल्टलाच हार मानते. गाळून, सुकवून तयार केलेल्या नव्या तेलानं मात्र ७० किलोव्होल्ट तरी पेलले पाहिजेत. वापरात असलेल्या तेलासाठी, ७२.५ किलोव्होल्टपर्यंतच्या रोहित्रांत, किमान ३० किलोव्होल्टची अट आहे.

एका ओल्या तंतूची करामत

तेलात पाणी वाईट, तंतू वाईट आणि दोन्ही एकत्र आले तर फारच वाईट. कागदाचे किंवा पुसायच्या फडक्याचे ओले तंतू विजेच्या दाबाखाली इलेक्ट्रोडकडे खेचले जातात, एका रांगेत लागतात आणि ठिणगीला आयती वाट करून देतात. एखाद्याच फेरीत असा तंतू आडवा आला तर आकडा कोसळतो, म्हणून तर सहा फेऱ्या घ्यायच्या. चाचणीचं भांडं पुसायला सुटे धागे निघणारं फडकं चालत नाही, तेही याचसाठी.

कानांनी करायची चाचणी

फोडणीच्या तेलात ओला कढीपत्ता पडला की तडतड होते ना, त्याच आवाजावर एक जुनी चाचणी उभी आहे. तापलेली लोखंडी सळई तेलाच्या नमुन्यात बुडवायची. तडतडलं, तर तेलात मोकळं पाणी आहे. आवाज आला नाही म्हणून तेल कोरडं ठरत नाही, कारण विरघळलेलं पाणी कानाला सापडत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत जावं लागतं. तिथं १९३५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फिशर यांनी शोधलेली पद्धत आजही वापरतात. तिच्यात पाणी आयोडीन खर्च करतं. किती आयोडीन संपलं यावरून पाण्याचा हिशेब लागतो, तोही दहा लाख भागांत अमुक भाग इतक्या बारकाईनं.

दुपारी तेलात, रात्री कागदात

रोहित्रातलं बहुतेक सगळं पाणी तेलात नसतंच. ते वेटोळ्यांवर गुंडाळलेल्या कागदात मुरलेलं असतं. तेल तापलं की त्याची पाणी विरघळवण्याची ताकद वाढते. २० अंशांवर दहा लाखांत साधारण पन्नास-पंचावन्न भाग पाणी विरघळतं, ६० अंशांवर तिपटीहून जास्त. मग कागदातलं पाणी तेलात उतरतं. भार कमी झाला, रोहित्र थंड झालं, की ते हळूहळू कागदाकडे परततं. म्हणून नमुना घेताना तेलाचं तापमान लिहून ठेवणं अत्यावश्यक. तापमानाशिवाय पाण्याचा आकडा अर्धवटच. थंड रोहित्राच्या 'उत्तम' अहवालावर खुशाल विसंबलं, तर कागद आत ओलाच राहिलेला असू शकतो.

निळ्याचं गुलाबी झालं?

रोहित्र श्वास घेतं. तेल तापून फुगलं की हवा बाहेर जाते, आकसलं की आत येते. ही हवा ब्रीदर नावाच्या भांड्यातल्या सिलिका जेलमधून जाते आणि दमटपणा तिथंच अडतो. निळं जेल ओलावा पिऊन गुलाबी होतं. हा निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा. त्या रसायनाचा कर्करोगाशी संबंध असल्यानं आता नारिंगी जेलही वापरात आलं आहे. ब्रीदरच्या तळाशी छोटी वाटी असते, तिच्यातही थोडं तेल असावं लागतं. त्यामुळे धूळ अडते आणि बाहेरची हवा जेलला सतत भिडत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात ही वाटी कोरडी राहिली, तर जेल फार लवकर थकतं.

वायूंची चुगली

आता सगळ्यांत विलक्षण गोष्ट. आत कुठं ठिणग्या पडत असतील किंवा एखादा जोड तापत असेल, तर तिथलं तेल तुटतं आणि त्यातून वायू निघतात. कोणता वायू निघेल ते उष्णतेवर ठरतं. बारीक विद्युतस्राव असेल तर हायड्रोजन. साधी तापणूक असेल तर मिथेन आणि इथेन. तापमान फार चढलं तर इथिलीन. आणि प्रत्यक्ष विजेची कमान पेटत असेल तर ॲसिटिलीन, म्हणजे वेल्डिंगच्या दुकानातला तोच वायू. कागद जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड वाढतात.

हे वायू तेलात विरघळून राहतात. काचेच्या हवाबंद सिरिंजमध्ये नमुना घेऊन प्रयोगशाळेत ते वेगळे केले, की रोहित्र न उघडता आतलं दुखणं कळतं. या चाचणीला तंत्रज्ञ डीजीए म्हणतात. कॅनडातल्या हायड्रो-क्युबेकचे मिशेल द्युवाल यांनी १९७४ साली मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन या तीनच वायूंचा एक त्रिकोण मांडला. तिन्हींच्या टक्केवारीचा बिंदू त्रिकोणात ज्या भागात पडेल, त्यावरून बिघाडाची जात ओळखायची. जगभरचे अभियंते आजही तो त्रिकोण वापरतात.

ॲसिटिलीन दिसलं, पण घाबरायचं का?

दाब कमी-जास्त करणाऱ्या टॅप चेंजरच्या कप्प्यात संपर्क बदलताना ठिणग्या पडतातच. तिथल्या तेलात ॲसिटिलीन सापडणं स्वाभाविक. पण त्या कप्प्याची सील गळकी असेल, तर तेच तेल मुख्य टाकीत झिरपतं आणि निरोगी रोहित्र आजारी वाटू लागतं. म्हणून जाणकार आधी गळती तपासतात आणि मगच निदान करतात.

शंभर वर्षांचा पहारेकरी

१९२१ साली जर्मनीत माक्स बुखोल्झ यांनी एक साधं, अफलातून उपकरण काढलं. मुख्य टाकी आणि वरची छोटी टाकी, म्हणजे कॉन्झर्व्हेटर, यांच्या मधल्या नळीत दोन तरंगते फ्लोट. आतून वायू हळूहळू जमला, की वरचा फ्लोट खाली येतो आणि घंटा वाजते. मोठा बिघाड होऊन तेल जोरात उसळलं, तर दुसरा भाग हलतो आणि रोहित्राचा पुरवठा तोडतो. संगणकाच्या युगातही बुखोल्झ रिले आपल्या जागेवर ठाम आहे.

खाऊच्या पाकिटातला मित्र

हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेल आंबतं, त्यात आम्ल तयार होतं आणि पुढे चिकट गाळ बसून थंडावण्याच्या वाटा बुजतात. ते लांबवायला तेलात डीबीपीसी नावाचं रसायन घालतात, फार तर ०.४ टक्के. हेच रसायन खाद्यपदार्थांच्या पाकिटावर बीएचटी किंवा ई३२१ या नावानं भेटतं. तिथंही त्याचं काम तेच, तेला-तुपाला खवट होऊ न देणं.

मुलतानी मातीचा फेसपॅक, रोहित्रालासुद्धा

फिल्टर मशीन तेल साधारण ६० अंशांपर्यंत तापवतं, निर्वातात पाणी आणि वायू काढतं, बारीक गाळणीतून कचरा अडवतं. पण विरघळलेलं आम्ल त्याच्या हाती लागत नाही. त्यासाठी तेल एका खास मातीतून झिरपवतात. ही माती आम्ल आणि गाळ करणारे घटक शोषून घेते. तपकिरी झालेलं तेल पुन्हा फिकट पिवळं होतं, वर डीबीपीसीची नवी मात्रा घातली की ते वर्षानुवर्षं काम देतं. ती माती म्हणजे आपल्या चेहऱ्याला लावायची मुलतानी माती!

कागदाचं वय, तेलाच्या तोंडून

तेल बदलता येतं, गाळता येतं. वेटोळ्यांवरचा कागद तसा बदलता येत नाही, म्हणून रोहित्राचं आयुष्य खरं तर कागदाचं आयुष्य. साध्या कागदाची झीज तापमानाच्या दर सहा अंश वाढीला दुप्पट होते. कागद कुजताना फ्युरान गटातली रसायनं तेलात उतरतात, ती मोजली की टाकी न उघडता कागदाच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

न जळणारं, तरी नकोसं

एकेकाळी पेट न घेणारं म्हणून पीसीबी हे द्रव रोहित्रांत भरत. मग १९६८ साली पश्चिम जपानमध्ये कारखान्यातल्या उष्णतावाहक नळ्यांतून गळलेलं पीसीबी खाण्याच्या तांदूळकोंडा तेलात मिसळलं आणि असंख्य लोक आजारी पडले. तो आजार युशो म्हणून ओळखला जातो. पीसीबी निसर्गात सहज विघटित होत नाही आणि शरीरातल्या चरबीत साचतं. भारतात २०१६ च्या आदेशानं त्याच्या वापरासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत ठरली. जुन्या रोहित्राचं तेल ज्या यंत्रात गाळलं, त्याच न धुतलेल्या यंत्रातून चांगलं तेल फिरवलं तर तेही बाटतं. ठेकेदाराला मशीनचा आधीचा मुक्काम विचारायलाच हवा.

सोयाबीनचा नवा अवतार

सोयाबीनसारख्या बियांच्या तेलापासून आता रोहित्राचं तेल बनतं. खनिज तेलाची वाफ १३५ अंशांच्या पुढे ठिणगीनं क्षणभर पेट घेऊ शकते, तर हे तेल ३०० अंश ओलांडल्यावरच पेटून जळत राहतं. ते पाणीही कितीतरी जास्त विरघळवतं, त्यामुळे कागद कोरडा राहायला मदत होते. मात्र उघड्या हवेत ते दाट होत जातं, म्हणून त्याला हवाबंद टाकी लागते. आणि खनिज तेलाचे निकष त्याच्या अहवालाला लावायचे नाहीत.

चोरीचं तेल, जिवाशी खेळ

केनियात डीपीतलं तेल चोरून तळणीसाठी विकलं जात असल्याची बातमी २०१४ साली जगभर पसरली. आपल्याकडेही शेतातल्या डीपीतून तेल आणि तांबं चोरीला जातं. तेलाशिवाय वेटोळी तापून जळतात आणि ऐन रब्बीत पिकं पाण्यावाचून उभी राहतात. हे तेल खायचं नाही, दुखऱ्या गुडघ्याला चोळायचंही नाही.

नमुना घ्यायची रीत

पावसात नमुना घ्यायचा नाही. बाटली स्वच्छ, कोरडी, गडद काचेची. तळाचा व्हॉल्व्ह उघडून आधी थोडं तेल वाहू द्यायचं, बाटली त्याच तेलानं विसळायची आणि मगच भरायची. ही शिस्त चुकली, तर महागडी प्रयोगशाळा फक्त बाटलीतली घाण मोजते.

तुमच्या अहवालात काय पाहाल?

सोसायटी, दवाखाना, सूतगिरणी किंवा साखर कारखान्याचं स्वतःचं रोहित्र असेल, तर पावसाळ्याआधी जाणकाराकडून तेल तपासून घ्या. बीडीव्ही, पाणी, आम्लता आणि विरघळलेले वायू, या चार गोष्टी अहवालात हव्यातच. गेल्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवून वाचा, कारण एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल जास्त सांगते. बीडीव्ही मर्यादेत असेल, पण दर वर्षी घसरत असेल, तर तेल गाळायची वेळ आली. ॲसिटिलीन अचानक उगवलं असेल, तर तज्ज्ञाला त्याच दिवशी फोन करा. एका बाटलीच्या तपासणीचा खर्च नव्या रोहित्रापुढे अगदीच किरकोळ आहे, आणि दुरुस्ती कधी करायची हे तेव्हा तुम्ही ठरवू शकता.