दोन पट्ट्यांमधला स्वर

पेटीवर मींड येत नाही, ही आपली जुनी तक्रार. ऑल इंडिया रेडिओनं 1940 साली पेटी स्टुडिओबाहेर काढली ती 1971 पर्यंत. त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. पियानोची अडचण तीच. एका पट्टीला एकच स्वर, पुढच्या पट्टीपर्यंत घसरत जायची सोय नाही. मग ज्याला मधलाच स्वर हवा असेल त्यानं काय करावं?

थेलोनियस मंक शेजारच्या दोन्ही पट्ट्या एकदम दाबायचा. दोन स्वर एकमेकांवर आपटतात, कानाला खुपतात आणि त्या खुपण्यातून पियानोवर नसलेल्या तिसऱ्याच स्वराचा भास होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, बोट चुकलं. अमेरिकेतल्या बऱ्याच जाणत्यांनाही कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं.

मंक 1917 साली नॉर्थ कॅरोलिनात जन्मला आणि न्यूयॉर्कमध्ये वाढला. हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबात बीबॉप नावाचं नवं जाझ आकार घेत होतं, तेव्हा तिथल्या पियानोवर तो बसायचा. स्वतःच्या नावानं रेकॉर्डिंग करायला मात्र 1947 साल उजाडलं. आयुष्यभरात त्याच्या रचना साधारण 70. ड्यूक एलिंग्टनच्या हजाराच्या वर. तरी जाझमध्ये ज्यांच्या रचना सर्वाधिक वेळा रेकॉर्ड झाल्या, त्यांत एलिंग्टनच्या खालोखाल मंकचं नाव घेतात. त्याची 'राउंड मिडनाइट' न वाजवलेला जाझवादक शोधावाच लागेल.

मला स्वतःला 'एव्हिडन्स' अधिक प्रिय. गझल लिहिणारे दुसऱ्या शायराची 'जमीन' घेतात. वृत्त, काफिया, रदीफ त्याचे, शेर आपले. बीबॉपवाले जुन्या गाण्यांच्या स्वरसंगती अशाच उचलत. मंकनं जमीन घेतली 'जस्ट यू, जस्ट मी' या गाण्याची. फक्त तू, फक्त मी, म्हणजे 'जस्ट अस'. भरभर म्हटलं की 'जस्टिस'. आणि न्याय म्हटला की पुरावा आलाच! पण गंमत नावापुरतीच. चाल ऐकली की पहिल्यांदा गोंधळायलाच होतं. एक स्वर, मग शांतता, मग भलत्याच ठिकाणी दुसरा स्वर. भरगच्च गाण्यातून त्यानं मोजकेच स्वर ठेवलेत, बाकी जागा मोकळी. मुशायऱ्यात चांगला शायर पहिला मिसरा म्हणून थांबतो, तेव्हा सभागृह पुढचा शब्द स्वतः शोधू लागतं. मंक ऐकणाऱ्याला तसंच कामाला लावतो.

ही रचना 1948 ची. तीन वर्षांनी, 1951 मध्ये, पोलिसांना एका गाडीत अमली पदार्थ सापडले. गाडीत मंक होता आणि त्याचा मित्र, पियानोवादक बड पॉवेलही. मंकनं मित्राविरुद्ध तोंड उघडलं नाही. तुरुंगवास झालाच, शिवाय न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवायला लागणारं पोलिसांचं 'कॅबरे कार्ड' गेलं. वाजवण्यावर पोट असलेल्या माणसाला स्वतःच्या शहरातले क्लब जवळपास सहा वर्षं बंद. शिक्षा तुरुंगाची मोठी की ही, मला तरी प्रश्न पडत नाही.

त्या काळात घर सावरलं ते बायकोनं, नेलीनं. आणि त्याच काळात, 1956 मध्ये, त्यानं 'ब्रिलियंट कॉर्नर्स' रेकॉर्ड केली. ती इतकी अवघड की 25 वेळा प्रयत्न करूनही सॉनी रॉलिन्स, मॅक्स रोच यांच्यासारख्या बिनीच्या वादकांना ती एकदाही सलग पुरी करता आली नाही. शेवटी निर्माते ऑरिन कीपन्यूज यांनी टेपचे तुकडे जोडले.

1957 साली कार्ड परत मिळालं. त्याच वर्षी नेलीच्या आजारपणात मंकनं 'क्रेपस्क्यूल विथ नेली' रचली. जाझचा जीवच आयत्या वेळच्या विस्तारात. पण या चालीत तो विस्तार करत नसे. लिहिली तशीच वाजवायची. असं का, याची स्पष्टीकरणं बरीच देता येतील. प्रेमकवितेत शब्द बदलू नये, एवढं मला पुरतं.

त्या उन्हाळ्यापासून 'फाइव्ह स्पॉट' या क्लबात त्याच्यासोबत सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन होता. ऐकणारे त्या रात्रींबद्दल जन्मभर बोलत राहिले, पण रेकॉर्डिंग फारच थोडं उरलं होतं. मग 2005 साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये काही टेप हाती लागल्या. 29 नोव्हेंबर 1957 रोजी कार्नेगी हॉलमध्ये झालेली मैफल व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओनं टिपली होती आणि ती 47 वर्षं तिथं पडून होती. टेप सापडली तेव्हा मंकला जाऊन जवळपास 23 वर्षं झाली होती. त्याची शेवटची काही वर्षं तर न वाजवताच गेली.

त्याच वर्षी निघालेल्या या ध्वनिमुद्रणाची सुरुवात 'मंक्स मूड'नं होते. मग 'एव्हिडन्स', मग नेलीची चाल. ऐकायला बसाल तर याच क्रमानं ऐका. शेवटी 'एपिस्ट्रफी' सुरू होते, आणि वादन रंगात असतानाच टेप संपते.