भट्टीचा पायगुण

खंडेनवमीच्या सकाळी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत चक्कर मारा. एरवी तिन्ही पाळ्यांत धडधडणाऱ्या स्टील कारखान्यांत त्या दिवशी पाण्याच्या बादल्या आणि जुनी फडकी फिरत असतात. क्रेनच्या हुकाला झेंडूची माळ असते, रोलिंग मिलच्या स्टँडवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली असतात. काचेआडच्या थंडगार कंट्रोल रूममध्ये संगणकालाही गंध लागतं, आणि विजेच्या पॅनेलच्या दाराला लिंबू-मिरची टांगली जाते.

'जालना, सोने का पालना' ही म्हण बाजारपेठेमुळे रूढ झाली. आज हा पाळणा लोखंड आणि बियाणं हलवतात. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथे महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. इथली सळई महाराष्ट्रभर इमारतींत जाते. भट्टीवर स्थानिकांच्या जोडीला बिहार-उत्तर प्रदेशातली माणसं राबतात. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर, त्यांची विश्वकर्मा पूजा मांडली जाते. तेव्हा यंत्रांना वर्षातून दोनदा फुलं मिळतात.

या श्रद्धेला हसण्याआधी इंडक्शन भट्टीजवळ उभं राहून पाहावं. आत सुमारे 1600 अंशांवर वितळलेलं लोखंड. भोवती तांब्याच्या नळीची कॉइल, आणि ती वितळू नये म्हणून त्याच नळीतून खेळतं पाणी. लोखंड आणि पाणी यांच्यामध्ये असतं ते फक्त ठासून भरलेलं अस्तर; प्रत्येक हीटला, म्हणजे प्रत्येक वितळणीला, ते थोडं थोडं झिजतं. भंगारातून एखादी बंद टाकी किंवा ओलसर डबा आत गेला, तर पाण्याची वाफ होताना तिचं आकारमान सतराशे पटींच्या आसपास जातं. काही कळायच्या आत लोखंड उसळतं. अशा तोंडाशी रोज आठ तास उभ्या राहणाऱ्याने कपाळाला अंगारा लावला, तर त्याची भीती खरी आहे हे आधी मान्य करावं लागतं.

ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाला पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रॉब्रिअंड बेटांवर हेच दिसलं होतं. तिथले कोळी उथळ, शांत खाडीत मासे धरताना मंत्रतंत्र करत नसत. खोल समुद्रात निघाले की मात्र सगळे विधी सुरू होत. जिथे कौशल्य पुरतं, तिथे जादू लागत नाही. जिथे जीव टांगणीला लागतो, तिथे ती येते. शिक्षणाने यात फारसा फरक पडत नाही. तैवानमध्ये सर्व्हरवर 'क्वाई क्वाई' नावाच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात. नावाचा अर्थ 'शहाण्यासारखं वाग', आणि पाकिटाची मुदत संपलेली चालत नाही. अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत चांद्रयानाच्या सहा मोहिमा फसल्यावर 1964 साली रेंजर 7 यशस्वी झालं. त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये शेंगदाणे वाटले होते. तेव्हापासून मोठ्या मोहिमेला शेंगदाणे आलेच. आपल्या इस्रोच्या यादीतही पीएसएलव्ही-सी12 नंतर थेट सी14 येतं.

शेंगदाण्यांनी कुणाचं नुकसान झालं नाही, कारण त्या प्रयोगशाळेत तपासणी थांबली नव्हती. नुकसान कुठे होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात विद्युत विभागात होतो. तीन रात्री लागोपाठ भट्टी मधेच ट्रिप झाली. अर्थ लीकेजचा दिवा लागायचा, हीट अर्धवट राहायची, लोखंड थंडावायचं. त्याच आठवड्यात परतूरकडचा एक पोरगा कामाला लागला होता. दुसऱ्या रात्री कुणीतरी पुटपुटलं, "पोराचा पायगुण बरा नाही." तिसऱ्या रात्रीपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी झालं. भट्टीवर नारळ फुटला आणि पोराला भंगाराच्या यार्डात पाठवलं. चौथ्या दिवशी देखभालीचे मामा कॉइलच्या बाजूला शिरले. फडक्याने एकेक होज पुसत गेले आणि एका जोडापाशी त्यांचा हात थांबला. म्हणाले, "हे बघा सायेब, इथं वलं हाय." क्लिप सैल होती. थेंब थेंब पाणी झिरपत होतं, त्यातून विजेची गळती होत होती, आणि यंत्र आपलं काम चोख करत वीज तोडत होतं. दहा मिनिटांत क्लिप आवळली. पोराला मात्र कुणी परत बोलावलं नाही. महिन्याभरात तो काम सोडून गेला. त्या तीन रात्री मीही तिथे होतो आणि गप्प राहिलो, हे मला आजही टोचतं.

मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी 1948 साली कबुतरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठरावीक वेळाने आपोआप दाणे पडत. दाणे पडताना कबुतर जे करत असेल, गिरकी किंवा मान हलवणं, तेच ते पुन्हापुन्हा करू लागे. आपणही एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींची गाठ मारतो. माणसाच्या बाबतीत वाईट एवढंच, की ती गाठ अनेकदा दुसऱ्या माणसाच्या गळ्यात पडते, आणि बहुधा नव्या, गरीब, उलट न बोलणाऱ्याच्या.

अशा छळाविरुद्ध आता कायदा आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. कुणाला अपशकुनी ठरवून त्याचं जगणं मुश्किल करणं हे त्याच्या अनुसूचीत गुन्हा म्हणून आलं आहे. कायदा साध्या पूजेला हात लावत नाही. माणसाच्या छळाला लावतो. ही रेषा कारखान्याच्या फाटकाच्या आतही तितकीच खरी आहे. सॉफ्टवेअरच्या चांगल्या कंपन्यांत बिघाडानंतर 'कुणामुळे' ऐवजी 'कशामुळे' असं विचारायची रीत आहे. भट्टीवर ती पडायला काय हरकत आहे?

त्यासाठी नवा सण नको. लक्ष्मीपूजनाला जालन्याचा व्यापारी चोपडीची पूजा करतो, आणि त्या चोपडीत नफ्याइतकाच तोटाही लिहिलेला असतो. तशी खंडेनवमीला यंत्रापुढे बिघाडाची नोंदवही मांडावी: वर्षभरात किती वेळा ट्रिप, कशामुळे, काय बदललं. ज्या ओळीत कारणाचा रकाना कोरा असेल, तिथे त्याच दिवशी फडकं घेऊन जावं. आपल्या पूर्वजांनी पूजेआधी अवजार धुवायला-पुसायला सांगितलं, ते उगीच नाही. मामांच्या बोटांना ओल लागली ती पुसतानाच.