एका अंशाचा वाक कसा मोजावा?

हिंगोली–वाशिम रस्त्यावरील कनेरगाव नाक्यासारख्या गावात एखाद्या विद्यार्थ्याची गिअरची सायकल उजव्या अंगावर पडते. दुसऱ्या दिवसापासून चेन खडखडू लागते, गिअर आपोआप बदलतो. मग स्क्रू पिळण्याचा उद्योग सुरू होतो. पण दोष अनेकदा स्क्रूमध्ये नसतोच.

चेनला एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणारा ‘डिरेलर’ मागच्या चाकाजवळ ज्या छोट्या पट्टीला लटकतो, ती पट्टी म्हणजे ‘हँगर’. पडल्यावर ती आत वाकते. समजा, डिरेलरची वरची कप्पी हँगरच्या छिद्रापासून ६० मिलिमीटर खाली आहे. हँगर ५ अंशांनी वाकला, तर कप्पी सुमारे ५ मिलिमीटर आत सरकेल. सात चकत्यांच्या संचात शेजारच्या चकत्यांमधील अंतरही साधारण तेवढेच असते! स्क्रूने कप्पी जागेवर आणता येते, पण तिचा तिरपेपणा जात नाही. सर्वांत मोठ्या चकतीवर चेन असताना डिरेलर आऱ्यांत अडकला, तर चाक एकदम थांबून अपघात होऊ शकतो.

एक-दोन अंशांचा वाक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो मोठा करून पाहायचा. डिरेलर काढून हँगरच्या आट्यांच्या छिद्रात काटकोनात लांब दांडी बसवतात. ३०० मिलिमीटर लांबीच्या टोकाशी १ अंशाचा वाक सुमारे ५ मिलिमीटर दिसतो. दांडीवरील सरकती खूण रिमपर्यंत नेऊन वर, खाली, पुढे, मागे अशा चार ठिकाणी रिमपासूनचे अंतर पाहायचे. चारही अंतरे जवळजवळ समान येईपर्यंत दांडीनेच हँगर हळूहळू वळवायचा.

पण चाकालाच ‘आऊट’ असेल तर? प्रत्येक वेळी चाक फिरवून रिमचा एकच बिंदू, समजा व्हॉल्व्हजवळचा, दांडीसमोर आणायचा. तो बिंदू आसाभोवती फिरताना आसाला लंब अशा एकाच प्रतलात राहतो. त्यामुळे रिमचा दोष मोजमापात येत नाही.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हँगर बहुधा सुटा असतो. धक्का बसला तर तो वाकावा किंवा मोडावा आणि फ्रेम वाचावी, हा त्यामागचा हेतू. मात्र ॲल्युमिनियम पुनःपुन्हा वाकवले तर तडकते. चीर दिसली की नवा हँगर बसवणेच शहाणपणाचे.

वर्गात विद्यार्थ्यांना विचारा : वरच्या आणि खालच्या अंतरांत १० मिलिमीटरचा फरक आला, तर हँगर किती अंशांनी वाकला असेल?