लांडगा अधिक दगड

जुन्या इंग्रजीत मुलाचं नाव बहुधा दोन शब्द जोडून तयार होई. एडवर्डमध्ये संपत्ती आणि रक्षक आहेत, तर एडिथमध्ये संपत्तीशेजारी चक्क युद्ध! जोडणीतून सुसंगत अर्थ निघालाच पाहिजे, असा आग्रह नसे. वुस्टरचे बिशप संत वुल्फस्टन यांची आई वुल्फगिफू, वडील एथेलस्टन. दोघांचा एकेक तुकडा घेतला आणि बाळ झालं 'लांडगा-दगड'. म्हणून नावांच्या पुस्तकांतले गोंडस अर्थ जरा जपूनच घ्यावेत. १०६६ नंतर इंग्लंडमध्ये आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड रूढ झाले. जुनी नावं मागे पडली. एडवर्डला मात्र पुन्हा बळ मिळालं, कारण इंग्लंडचा राजा तिसऱ्या हेन्रीने संत एडवर्डवरच्या भक्तीपोटी १२३९ मध्ये जन्मलेल्या राजपुत्राला तेच नाव दिलं.